अण्णाची जागा

अण्णाच्या तेराव्याला त्याच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर घरी आला होता. जेवणं झाल्यावर हात पुसत मला म्हणाला, "रविवारी एक जण कमी पडतोय. तुम्ही याल का?" मी एक्कावन्न वर्षांचा, वीस-बावीस वर्षांत बॉलला पाय लावलेला नाही. एरवी अशा वेळी असं कुणी विचारलं असतं, तर चार शब्द सुनावले असते. पण सख्ख्या भावाशी आठ वर्षं न बोललेल्या माणसानं त्याच्याच घरात आवाज कुठल्या तोंडानं चढवायचा? मी हो म्हणालो.

आठ वर्षांपूर्वी बाबा अतिदक्षता विभागात होते. डॉक्टरांनी हात टेकल्यावर अण्णानं मला न विचारता त्यांना घरी आणलं, आणि चौथ्या दिवशी ते गेले. स्मशानातून परतल्यावर नातेवाइकांसमोर मी अण्णाला म्हणालो, "तू मारलंस बाबांना." हे खरं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. एकाच शहरात, अण्णा राजाजीनगरात, मी येलहंक्याला. माफी मागायला जायचं तर तासाभराचा रस्ता. ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडत मी आठ वर्षं काढली, आणि एका सकाळी चहा पिता पिता अण्णा गेला.

रविवारी साडेसहाला टर्फवर पोचलो. सगळे चाळिशीपुढचे, पोटं सुटलेले, आरडाओरडा मात्र शाळकरी पोरांसारखा. मला मधल्या फळीत अण्णाच्या जागी उभं केलं. पाच मिनिटांत तोंडाला फेस आला. कॉलेजात आम्ही दोघं एकाच संघात होतो. तो बॉल हिसकावून आणायचा, मी पुढे न्यायचो आणि टाळ्या घ्यायचो. आता मला बॉल हिसकावताच येईना.

खरं सांगायचं तर मी खेळायला जातच नव्हतो. अण्णा या लोकांपाशी माझ्याबद्दल कधी काही बोलला होता का, एवढंच मला ऐकायचं होतं. शिव्या दिल्या असतील तर तेही चाललं असतं. पण विचारायची छाती होत नव्हती.

तिसऱ्या रविवारी माझं डोकं फिरलं. माझ्याकडे बॉल आला की समोरचा गडी पाय मागे घ्यायचा. कुणी अंगावर येईना, कुणी धक्का देईना. मी बॉल हातात उचलून ओरडलो, "दुखवट्याचा खेळ खेळताय का माझ्याशी? नीट खेळा, नाहीतर मी चाललो घरी!"

गोलकीपर आपली जागा सोडून माझ्यापाशी आला. तो आमच्यासारखाच या कानडी शहरातल्या जुन्या मराठी घरातला.

"रागावू नका. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना? तरी तुम्ही हो म्हणालात, म्हणून सगळे स्वल्प सांभाळून खेळतात."

"कुणी सांगितलं?"

"अण्णांनीच. धाकटा माझ्यापेक्षा भारी खेळतो म्हणायचे. आम्ही दर वेळी म्हणायचो, मग आणा की त्याला. तर म्हणायचे, गुडघ्यानं घात केला, नाहीतर कधीच आला असता."

माझ्या गुडघ्याला आजवर साधा मुका मार लागलेला नाही. मी पाणी प्यायचं निमित्त करून जाळीच्या मागे गेलो आणि हमसून हमसून रडलो. नात्यातल्या माणसांसमोर मी त्याची अब्रू घालवली होती. त्यानं परक्यांसमोर माझी झाकली होती, आणि तीही कौतुक करून. शिव्या देणारा भाऊ परवडला असता. त्याच्याशी मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं.

पुढच्या रविवारी सगळ्यांना खरं सांगून टाकायचं ठरवून गेलो. सांगणार कसं? अण्णाला खोटं पाडल्याशिवाय सांगता येत नव्हतं. बूट बांधत तेच घोळवत बसलो होतो, तेवढ्यात गोलकीपरनं औषधाच्या दुकानातून आणलेला गुडघ्याचा पट्टा माझ्या पुढ्यात धरला.

"हा लावून बघा. कुठला पाय?"

अण्णानं यांना कुठला पाय सांगितला होता, ते आता मी कुणाला विचारू?

"डावा," मी म्हणालो.

तो माझ्यासमोर खाली बसला. डाव्या पायाची ट्रॅकपँट त्यानं वर सरकवली. गुडघ्यावर टाक्याची खूण नव्हती. त्यानं एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझी ट्रॅकपँट पुन्हा नीट खाली केली.

"अण्णा उजवा म्हणायचे," तो इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला.

मी उजवा पाय पुढे केला.