एक मोजाही धुणार नाही

आमचा कोच ब्रिस्टलला गेला तेव्हा क्लबात जी भांडणं लागली, त्यात सगळ्यात जास्त तोंड मी वाजवलं, हे आधीच सांगून टाकतो. त्याला विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात चांगली नोकरी मिळाली. माणूस जाणारच. कोचिंगवर पोट भरत नाही, निदान आमच्या कॉव्हेंट्रीच्या क्लबात तरी नाही.

इथे रग्बी म्हटलं की लोकांना पंधरा जणांची वाटते. आमची तेरा जणांची, रग्बी लीग. चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांनी सहा वेळा पाडलं, म्हणजे टॅकल केलं, की चेंडू त्यांचा, एवढं समजलं तरी मॅच बघता येते. पंधरावाल्यांकडे गर्दी लोटते. आमच्याकडे शंभर माणसं आली तरी चहाचे कप कमी पडतात. पण त्या शंभरांतल्या प्रत्येकाला मत असतं.

माझंही होतं, आणि ते हवेतून काढलेलं नव्हतं. माझी बायको नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलने बोलावून घेतलं, तिच्यामागून मी आलो. मी चौथीपर्यंत शिकलेला, त्यामुळे हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागलो आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिलो. याची मला कधी लाज वाटली नाही. मोठमोठ्या सर्जनांचे कपडे माझ्या हातून गेलेत. डाग बघून मी सांगायचो, कोण घाईत काम करतो आणि कोण जपून. रिटायर झाल्यावर एका शनिवारी मॅच बघायला गेलो, तर आमची टीम मागच्या आठवड्याच्या चिखलाचे डाग घेऊन मैदानात उतरली. मला ते बघवेना. त्या दिवसापासून क्लबचं किट, म्हणजे जर्सी, शॉर्ट्स, मोजे, सगळं मी धुवायला लागलो. किट रूमची किल्ली माझ्या खिशात असायची आणि तिथल्या वॉशिंग मशीनला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपत नसे.

तर कोच नेमायची वेळ आली. निर्णय कमिटीचा, पण त्यांनी रविवारी दुपारी सगळ्यांना क्लबहाऊसमध्ये बोलावलं, तुमचं म्हणणं मांडा म्हणून. दोन माणसांची चर्चा होती. एक आमचाच असिस्टंट कोच. पोस्टमन आहे, मोजकं बोलणारा, मुलांना त्याच्या शब्दाबाहेर जायची सवय नाही. दुसरा मूळचा उत्तरेकडचा, हल्ली मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरच्या कंपनीत असणारा, पूर्वी दुसऱ्या एका क्लबचा कोच होता. मी पोस्टमनच्या बाजूने. माझा इथला सगळ्यात जवळचा मित्र मिल्टन कीन्सवाल्याच्या बाजूने. हा मित्र यॉर्कशायरचा, म्हणजे तोही उत्तरेकडचाच. मोटारीच्या कारखान्यात नोकरीला म्हणून तरुणपणी इथे आला, नातवंडं इथे झाली, तरी अजून कॉव्हेंट्रीला परगाव म्हणतो.

"तू मला एक सांग," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या पोस्टमनने आजवर काय जिंकलंय?"

"तुझ्या साहेबाने काय जिंकलं?"

"तो आमच्याकडचा आहे. आमच्याकडे पोरं चालायच्या आधी टॅकल करायला शिकतात."

"मग तू चालायला अजून शिकला नाहीस ते त्यामुळेच."

चहाच्या काउंटरमागच्या बाई हसल्या. क्लबात पद कोणाकडेही असो, क्लब चालतो या बाईंमुळे. त्यांनी मोठा चमचा काउंटरवर आपटला आणि म्हणाल्या, "दोघेही गप्प बसा, नाहीतर बिस्किटं बंद. काय ते मुद्द्याचं बोला."

मग मी उभा राहिलो. मी सांगितलं की दोन सीझनपूर्वी या मिल्टन कीन्सवाल्याची जुनी टीम आमच्याकडे खेळायला आली होती. मॅच झाल्यावर पाहुण्यांच्या चेंजिंग रूममध्ये मी गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं आणि जर्सी बाकांखाली पडलेल्या, बाह्या उलट्या, त्यांना चिकटपट्ट्या तशाच, बेसिनमध्ये चिखल. किटची बॅगसुद्धा मागे सोडून गेलेले. ते सगळं मी आवरलं. त्यांच्या जर्सी धुतल्या, घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन बॅग घेऊन गेलं. "ज्या टीमला आपली बाही सरळ करता येत नाही," मी म्हटलं, "ती शेवटच्या दहा मिनिटांत एकमेकांसाठी पळणार नाही. आणि तो दोष पोरांचा नाही, कोचचा."

लोक हसायला लागले. वाईट हेतूने नाही, पण हसले. यॉर्कशायरवाला म्हणाला, "म्हणजे कोच नेमायचा धुण्याच्या टोपलीत बघून?"

मला हसलेलं चालत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. ज्या दिवशी तो माणूस कोच होईल, त्या दिवसापासून मी या क्लबचा एक मोजाही धुणार नाही. तो असेपर्यंत."

हसणं थांबलं. बाईंनी चमचा खाली ठेवला. "लिहून ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"ठेवा."

त्यांनी खरंच लिहिलं, आणि नोटीस बोर्डावर, सँडविच विकणाऱ्यांच्या ड्यूटीच्या कागदाशेजारी लावलं.

दहा-बारा दिवसांनी कमिटीने जाहीर केलं. मिल्टन कीन्सवाला. मी गेलो, किट रूमची किल्ली बाईंच्या हातात ठेवली आणि घरी आलो. बायको भाजी निवडत होती.

"दिलीत किल्ली?" ती म्हणाली.

"दिली."

"आता रविवारभर माझ्या डोक्यावर बसणार म्हणजे. अहो, माझे टॉवेल आधीच धुतलेले आहेत, सांगून ठेवते."

मॅच बघायला मी जातच होतो. धुणार नाही म्हटलं होतं, बघणार नाही म्हटलं नव्हतं. पहिल्याच मॅचला पोस्टमन मैदानाच्या कडेला भेटला, असिस्टंटच्याच जॅकेटमध्ये. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यासाठी मी शेवटपर्यंत लढलो.

तो ओशाळला. म्हणाला, "तुमचे आभार आहेत. पण मी अर्जच केला नव्हता. पहाटे साडेतीनला उठतो मी. संध्याकाळी ट्रेनिंगला उभं राहायचं तेच कसंबसं जमतं. हेड कोचचं काम मला कसं झेपणार?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मीटिंगला मी झोपलो होतो घरी. नंतर कळलं की माझ्यावरून भांडण झालं."

यॉर्कशायरवाल्याला मी हे सांगितलं नाही. त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं, आणि पुढचे दोन शनिवार तो मला दिसला की झोप आल्यासारखा डोळे चोळायचा.

पण त्याचं हसणं तिसऱ्या शनिवारी आटलं. आमची टीम मैदानात आली ती गुलाबी शॉर्ट्स घालून. पांढऱ्या सुती शॉर्ट्समध्ये कोणीतरी बारचे नवे लाल टॉवेल घालून गरम पाण्यात मशीन लावलं होतं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. जर्सी टंबल ड्रायरमध्ये घातल्याने पाठीवरचे नंबर सुटले होते. आमच्या आठ नंबरच्या आडदांड गड्याच्या पाठीवर अर्धा आकडा गळून तीन उरला होता, आणि माइकवरचा माणूस सगळी मॅच त्याला तीन नंबर म्हणून दुसऱ्याच्याच नावाने ओरडत राहिला. पाहुण्या टीमचे लोक मोबाइलवर फोटो काढत होते.

मॅच आम्ही हरलो. यॉर्कशायरवाला माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "खूश झालास?"

मी झालो नव्हतो. मला वाटलं होतं, होईन. घरी येऊन जेवण गेलं नाही. माझी टीम माझ्या डोळ्यांसमोर हसं करून घेत होती आणि मी खिशात हात घालून उभा होतो. पण शब्द मागे घेणं मला येत नाही. आजवर घेतलेला नाही. बायकोने एवढंच विचारलं, "तुमचा शब्द मोठा की तुमचा क्लब?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, मग बसा असेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. कोच. गाडीच्या डिकीतून दोन बॅगा काढून दाराशी ठेवलेल्या. मी दार अर्धंच उघडलं.

"मी धुणार नाही," मी म्हटलं.

"बोर्डावर वाचलंय," तो म्हणाला. "धुवायला आणलेलं नाही. मी धुणार आहे. कसं धुवायचं तेवढं विचारायला आलोय."

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, त्याला घरात तरी घ्या. पोहे गरम आहेत."

त्याने दोन बशा पोहे खाल्ले. मिरचीने नाकातून पाणी आलं तरी बशी खाली ठेवली नाही. मी विचार केला. धुणार नाही, हा माझा शब्द. सांगणार नाही, असं मी कुठे म्हटलं होतं? आम्ही दोघं क्लबात गेलो. किट रूममध्ये मी प्लॅस्टिकचा क्रेट उलटा करून त्यावर बसलो आणि दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले, म्हणजे चुकून पुढे यायला नकोत.

"आधी चिकटपट्ट्या काढ," मी सांगायला सुरुवात केली. "सगळ्या. मग चिखल सुकला असेल तो झटक. रक्त आहे तिथे थंड पाणी, गरम लावलंस तर डाग कायमचा. पांढरं वेगळं. नंबर आतल्या बाजूला येतील अशी जर्सी उलटी कर. नाही, आधी बाह्या सरळ कर, मग पूर्ण उलटी."

हा कॉम्प्युटरवाला माणूस, मोठे हात, एकेक बाही सरळ करत बसला. निम्म्या जर्सी झाल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "हेच तुझ्या जुन्या टीमला शिकवलं असतंस, तर मला तुमची घाण काढावी लागली नसती."

बाही अर्धी उलटी ठेवून त्याने वर बघितलं. "ती तुम्ही काढली होतीत?"

"मग कोणी?"

"त्या दिवशी आमचा एक मुलगा चेंजिंग रूममध्येच कोसळला," तो म्हणाला. "मॅचमध्ये डोक्याला लागलं होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. ॲम्ब्युलन्स आली आणि सगळी टीम तशीच तिच्यामागे हॉस्पिटलला गेली, अर्धे जण पायात बूट न घालता. मुलगा वाचला. दुसऱ्या दिवशी बॅग घ्यायला आलो तर सगळं धुऊन, घड्या घालून ठेवलेलं. तुमच्या तेव्हाच्या कोचला फोन करून म्हटलं, ज्याने केलं त्याला माझे आभार सांगा."

तेव्हाचा कोच आता ब्रिस्टलला होता, आणि त्याने मला काही सांगितलं नव्हतं. मी त्या वेळी इथेच होतो, याच खोलीत, मशीन फिरत होतं. मशीनच्या आवाजात ॲम्ब्युलन्स ऐकू येत नाही, आणि क्लबातले बाकीचे तोवर घरी गेलेले. ज्या हॉस्पिटलला ती टीम धावली, तिथल्या चादरी मी अख्खी नोकरीभर धुतल्या, आणि घाईत बाहेर पडलेल्या माणसांच्या कपड्यांवरून त्यांची परीक्षा मीच केली. कपडे बघून माणूस ओळखतो म्हणणारा मी.

माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "ती बाही अजून उलटीच आहे."

त्याने ती सरळ केली.

पुढच्या शनिवारी मॅचच्या आधी मी काउंटरपाशी गेलो. माझं बोलणं ऐकून हसलेली बहुतेक मंडळी तिथे होती. मी म्हटलं, "चेंजिंग रूमबद्दल मी जे बोललो ते चूक होतं." आणि त्या दिवशी काय झालं होतं ते सगळं सांगितलं. सांगताना यॉर्कशायरवाल्याकडे बघितलं नाही. मग म्हटलं, "बाकी माझं मत तेच आहे. याच्यापेक्षा पोस्टमन बरा."

"पोस्टमनला नकोय रे ते काम," यॉर्कशायरवाला म्हणाला.

"नको असलं तरी बरा."

बाई बोर्डाकडे गेल्या आणि त्यांनी कागदाची टाचणी काढली. "मग हा काढू?"

"नाही," मी म्हटलं. "मी चूक बोललो, पण शब्द दिला तो दिला. तो कोच असेपर्यंत मी धुणार नाही."

यावर नवं भांडण लागलं. यॉर्कशायरवाला म्हणाला की चुकीच्या कारणावर दिलेला शब्द बाद धरावा. कोणी म्हणालं, नाही, दिलेल्या शब्दाला मान द्या. मैदानात वॉर्मअप सुरू झाला होता तरी कोणी हलेना. शेवटी बाईंनी हात वर करायला सांगितले. याला शब्दातून मोकळं करावं, यासाठी आधी नाही म्हणणाऱ्यासकट सगळे हात वर गेले. दारात उभ्या कोचचाही. विरोधात एक मत पडलं, ते माझं. आणि शब्द माझा असल्याने तेवढं एक मत पुरतं, असं मी सांगितलं. यॉर्कशायरवाला म्हणाला की एवढा हट्टी माणूस त्यांच्या यॉर्कशायरमध्येसुद्धा निघायचा नाही. हट्टाचा मक्ता आपल्याच गावाकडे आहे असं मानणाऱ्या त्याच्या तोंडून हे ऐकून मी माझा चहा त्याला दिला.

तेव्हापासून रविवारी सकाळी दोन खेळाडू पाळीने किट धुवायला येतात आणि कोच बहुतेक वेळा येतोच. शॉर्ट्स पुन्हा पांढऱ्या झाल्या, त्याला तीन धुणी लागली. किल्ली परत माझ्या खिशात आहे. मी क्रेटवर बसून सांगतो, ते करतात. गेल्या रविवारी मी त्याला म्हटलं की चौथ्या टॅकलनंतर, दोन बाकी असतानाच, तू चेंडू किक मारून पुढे लोटायला लावतोस ती घाई आहे, अजून एक टॅकल थांबायला हवं. तो म्हणाला की थांबलो तर समोरची टीम किक झेलायला तयार होते. मशीन थांबलं तरी आमचं संपलं नव्हतं. ओले कपडे बाहेर काढता काढता तो आपलं तेच बोलत राहिला आणि मी माझं. दोन्ही पोरांनी तारेवर मोजे लावून संपवले, तरी आम्ही आतच होतो.