उजवीकडचा आकडा

आमची ताई एकतीस वर्षं किड्यांची मागची टोकं काढत आली. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून आई सगळ्यांना सांगायची, "संग्रहालयात चित्रकार आहे, फुलपाखरं काढते." फुलपाखरू तिने जन्मात एकही काढलं नाही. तिच्या वाट्याला आल्या कॅडिसमाश्या. ओढ्याकाठी उडणारा, पतंगासारखा दिसणारा, मळकट तपकिरी जीव. याची अळी पाण्यात राहते, वाळूचे कण आपल्याच रेशमाने चिकटवून अंगाभोवती नळी बांधते आणि ती नळी घालूनच हिंडते. एवढी हौस लहानपणीच संपते. मोठेपणी सगळ्या माश्या एका साच्यातल्या. कोणती कुठल्या जातीची, हे ठरतं नराच्या शेपटीशी मादीला धरायला जे दोन आकडे असतात त्यांच्यावरून. ते मोहरीहून लहान टोक कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मऊ करायचं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कागदावर उतरवायचं.

ताईच्या पेन्सिली सुईसारख्या टोकदार असत. एकदा मी त्यातल्या एकीने किराण्याची यादी लिहिली, तर बाईसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिच्या आधीच्या चित्रकाराने तिला एक पद्धत शिकवली होती. डावी बाजू मन लावून काढायची, मग ट्रेसिंगचा कागद उलटा करून तीच उजवीकडे उतरवायची. किड्याच्या दोन्ही बाजू सारख्याच, मग दुप्पट डोळे कशाला फोडायचे? शिवाय चित्र देखणं दिसतं. ताईची चित्रं तर इतकी देखणी, की त्यांच्यावर कुणी शंका घेत नसे.

निवृत्तीला महिना उरला होता. गळक्या छताचं पाणी पडून तिचं एक जुनं चित्र खराब झालं होतं, ते पुन्हा काढून द्या असं नव्या विभागप्रमुखांनी सांगितलं. तिने अठरा वर्षांपूर्वीची कुपी काढली. दूरच्या एका उष्ण बेटावरचा नर होता. नवा सूक्ष्मदर्शक होता, हाताशी वेळ होता, म्हणून डावी बाजू झाल्यावर तिने सहज उजवीकडे पाहिलं. डावा आकडा साधा होता. उजव्याचं टोक दुभंगलेलं होतं.

कपाटात त्या बेटावरचे आणखी दोन नर होते. तिने तेही पाहिले. तिन्हींत तसंच.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसली. हा किडा बाईंनी आणला होता, ती म्हणाली. बाई म्हणजे तिच्या तेव्हाच्या विभागप्रमुख. दोन मोसम त्या बेटावर चिखलात, जळवा काढत, ओढे पालथे घातलेले. पंखांवरचे ठिपके आणि अळीची नळी पाहून त्यांनी ही नवी जात आहे असं लिहिलं होतं. तज्ज्ञांनी लेख परत पाठवला: चित्रातले आकडे तर जुन्याच एका जातीचे आहेत, ठिपक्यांचं काय, ते बदलतात. बाईंनी लेख खणात टाकला आणि पुन्हा बेटावर गेल्या नाहीत.

"म्हणजे तुझ्या चित्रामुळे?" मी विचारलं.

"माझ्याच."

मी सरळ सांगितलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याने सुटशील. हात दाखवून अवलक्षण कशाला?" बहिणीच्या नावाला बट्टा लागू नये एवढंच मला दिसत होतं, आणि त्याची मला आजही फारशी लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. तो तरुण माणूस रागावला तर नाहीच, उलट हरखला. म्हणाला, "मी लिहितो नवी जात. तुमचं नाव देऊ तिला. निवृत्तीची भेट समजा." एकतीस वर्षांत ताईचं नाव चित्राखाली बारीक अक्षरातसुद्धा कधी छापलं नव्हतं. ती त्याला म्हणाली, "जात बाईंची आहे. आधी त्यांना विचारते." पुढचे नऊ दिवस तिने चित्र काढलं. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी.

बाई भावाकडे तिसऱ्या मजल्यावर राहत. सोबत म्हणून मी गेले. सत्तरी उलटलेल्या, ताठ बसलेल्या. ताईने बसायच्या आधीच चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाई, चूक माझी आहे. उजवी बाजू मी तेव्हा पाहिलीच नव्हती. डावीच उलटी करून लावली."

बाईंनी भिंग घेतलं. खूप वेळ घेतला.

"किती नर पाहिलेस?"

"तिन्ही. तिन्हींत असंच आहे."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "अठरा वर्षं मी समजत होते, माझीच नजर कच्ची. म्हणून सोडलं मी ते काम."

हीच मूठ मी झाकायला सांगितली होती.

"मला तुझा राग आलाय," बाई शांतपणे म्हणाल्या.

"हो."

"आज चहा विचारणार नाही. उद्या दहाला ये. किडे घेऊन ये, तिन्ही. चित्र नको."

त्यांनी चित्र परत दिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. दार आम्हीच ओढून घेतलं.

दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ताई जिन्यातच बसली आणि रडू लागली. मला बाईंचाच संताप आला. मी म्हटलं, "एवढं खरं सांगायला आलीस, तर म्हातारीने साधा चहासुद्धा विचारला नाही."

ताईने रुमालाने डोळे पुसले. "अगं, पण उद्या ये म्हणाल्या ना."