दंडावर सरकारी शिक्का नाही

दुपारी खरकटं आवरलं की राममंदिराच्या ओसरीवर आम्ही पाच-सात जणी वाती वळायला बसतो. लक्ष वातींचा नेम. हात कापसात, तोंड मोकळं. त्यामुळे वातींचा लाख पुरा व्हायच्या आधी किस्स्यांचाच लाख पुरा होतो! बाकीच्या जणी आपापल्या सुनांचे किस्से सांगतात. मला सून नाही, म्हणून मी माझेच सांगते. कोणी नवी बाई येऊन बसली, की शेवंताबाई मला कोपरानं ढोसतात, "सांग वो माय, तुह्या आफ्रिकेचं सांग!"

तर झालं असं. माझी एकुलती एक लेक कुसुम मोंबासाला. जावई तिथल्या शाळेत मास्तर. दोनदा कुसुमला दिवस गेले आणि दोन्हीदा हाती काही आलं नाही. तिसऱ्या खेपेला तिचं पत्र आलं. खुशाली वगैरे सगळी नेहमीची, पण शेवटी लिहिलेलं, "आई, या वेळी तू जवळ पाहिजेस."

मी त्याच दिवशी सोळा सोमवार धरले, आणि आमच्या ह्यांनी पासपोर्टचा फॉर्म आणला. दोन्ही व्रतं सारखीच कडक. फरक एवढाच, की सोळा सोमवार कधीतरी संपतात!

* * *

फॉर्म भरायला हे बसले. हे कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते, त्यामुळे अक्षर टपोरं आणि तोलून लिहिलेलं.

"जन्मतारीख?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची."

"कोण्या साली?"

"ज्या साली आमची ढवळी गाय विहिरीत पडली होती त्या साली."

ह्यांनी टाक खाली ठेवला. "आता त्या गाईचा दाखला कुठून आणू?"

पुढचा प्रश्न राज्याचा. जन्मले तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड. कुसुमचं लग्न ठरलं तेव्हा मध्यप्रदेश. मग मुंबई राज्य. आणि आता नवा कोरा महाराष्ट्र. हे डोकं धरून म्हणाले, "लिहू तरी काय?"

मी म्हटलं, "लिहा की, बाई खामगावातून न हलता चार राज्यं फिरली आहे. तिला प्रवासाची सवय आहे."

* * *

मग चौकशीला पोलीस आला. आला तो नेमका सोमवारी, आणि तोही माझी पूजा सुरू असताना!

मी त्याला पाटावर बसवलं. कहाणी सुरू झाली की मध्ये उठायचं नाही, बोलायचंही नाही, हा नेम. त्यानं दोनदा तोंड उघडलं, मी दोनदा हातानं दाबलं. म्हणजे त्याचं नाही, माझं स्वतःचं. पण तो समजला. पुरी कहाणी त्यानं हातात अक्षता घेऊन ऐकली. मग मी चुरम्याचा प्रसाद पुढं केला.

"बाई, ड्यूटीवर काही खात नाही मी."

"प्रसादाला नाही म्हटल्यानं काय होतं, ते आत्ताच ऐकलं ना कहाणीत?"

त्यानं घाईघाईनं खाल्लं. मग विचारलं, "तुमच्यावर कधी काही केस वगैरे?" मी म्हटलं, "नाही बाप्पा. पण दुसरी कहाणी आहे, शुक्रवारची. ऐकता का?"

ह्यांचे एक ओळखीचे पोलीस कचेरीत होते. त्यांनी पुढे सांगितलं, की कागदावर त्या पोलिसानं लिहिलं होतं, "बाई सुस्वभावी आहे. परदेशी जाण्यास हरकत नाही. लवकर गेल्यास उत्तम."

* * *

पासपोर्ट आला. मग कळलं की देवी टोचून घेतल्याशिवाय बोटीत पाय ठेवू देत नाहीत. टोचलेलं उठलं पाहिजे, डॉक्टरांनी ते पाहिलं पाहिजे, तेव्हा कुठे पिवळ्या कागदावर शिक्का.

टोचणारा गावात आला की आमची आई आम्हा पोरींना कणगीत लपवायची. म्हणून दंड कोरा. पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा टोचून घेतलं!

आता देवी अंगावर घ्यायची म्हणजे ती काय साधी पाहुणी? मी घरी आल्याबरोबर दंड गार पाण्यानं स्वच्छ धुतला. कडूलिंबाचा पाला वाटून जाड थर थापला. देवीला रोज दहीभाताचा नैवेद्य. आणि घरात फोडणी बंद! देवी आलेल्या घरात तेल तडतडू नये, हे आमच्या सासूबाईंनी शिकवलेलं. हे आठ दिवस बिनफोडणीचं वरण गिळत होते. भाताकडे पाहून उसासे टाकत होते.

आठव्या दिवशी दवाखान्यात दंड पुढं केला. गुळगुळीत! फोड नाही, खपली नाही, काही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "काय केलं होतं याला?"

"थंड केलं देवीला. पहिल्या घडीपासून."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अहो बाई, तिला आधी उठू तर द्या, मग निजवा!"

पुन्हा टोचायचं ठरलं. हे माझ्यामागे उभे होते. ते पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, वाटल्यास मले टोचा. पण हिले टोचून राह्यले असाल तर पहिले फोडणीचं काहीतरी ठरवा!"

हसलो सगळे. पण त्या आठ दिवसांत माझी बोट निघून गेली. पुढची बोट गाठायची म्हणजे कुसुमला नववा भरत आलेला असणार. त्या दिवशी मी देवापुढे बसले ती वातही न वळता बसले. माझ्याच भक्तीनं माझाच रस्ता अडवला होता, आता तक्रार करायची कुणाकडे?

* * *

दुसऱ्या खेपेला दंड चांगला सुजला, पिकला, खपली धरली. पिवळा कागद मिळाला. शेजारच्या हमीदाबी मुद्दाम सांगायला आल्या. त्यांचे सासरे हजला जाऊन आलेले, म्हणून त्यांना या कागदांची पारख.

"भाभी, पासपोर्ट एक वेळ हरवला तरी चालते, पण हा पिवळा कागद जिवापाड जप. याले पाण्याचा थेंबही लागू देऊ नको."

मी त्यांचा शब्द मोडला नाही. निघायच्या दिवशी सगळे कागद देवापुढे पाटावर मांडले. नवी वस्तू वापरायच्या आधी तिला कुंकू लावायचं नाही का? शिवणयंत्राला लावलं, रेडिओला लावलं, मग ज्या कागदाच्या जोरावर लेकीकडे जायचं त्याला नको? नेमका जिथे सरकारी शिक्का होता, तोच कागदाचा पवित्र भाग वाटला. तिथे मस्त ठसठशीत स्वस्तिक काढलं.

आणि पाणी? छे! हमीदाबींची आठवण होती ना. कुंकू मी तेलात कालवलं होतं.

* * *

सामान बांधायला आमचं अख्खं वातींचं मंडळ आलं. कोणी डिंक, कोणी हळीव, कोणी ओवा. शेवंताबाईंनी गोवऱ्या आणल्या! बाळाला शेक-धुरी द्यायला, चांगल्या वाळलेल्या, दोन डझन.

मुंबईच्या धक्क्यावर कस्टमच्या माणसानं ट्रंक उघडली. एक गोवरी उचलली, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजी, आफ्रिकेत गाई नाहीत का?"

"असतील की. पण आपल्या ओळखीच्या नाहीत ना!"

त्यानं ट्रंक बंद केली आणि बराच वेळ रुमालात खोकत राहिला. बोटीतून उतरल्यावर मोंबासाच्या कस्टमचा माणूस मात्र खोकला नाही. त्यानं गोवऱ्या काठीनं बाजूला सारल्या आणि जाळायला पाठवल्या. मी मनाला समजावलं, नाहीतरी जाळायलाच आणल्या होत्या!

* * *

पण खरी गंमत त्याच्या पुढच्या टेबलावर. तिथे आरोग्य खात्याचा गोरा डॉक्टर. शेजारी गोव्याची एक नर्स, तिला मराठी येत होतं. डॉक्टरनं माझा पिवळा कागद उघडला. तेल पार पलीकडे पाझरलेलं. शिक्का लाल, तारीख लाल, सही लाल. त्यानं कागद उजेडाला धरला, उलटा धरला, मग नर्सला काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतात, हे रक्त आहे का?"

"कुंकू आहे, बाई. शकुनाचं."

मी पदर सारून दंड दाखवला. बोराएवढा वण! साहेबांनी तो पाहिला, मान हलवली.

नर्स म्हणाली, "साहेब म्हणतात, दंड अगदी बरोबर आहे. पण दंडावर सरकारी शिक्का नाही."

मला पुन्हा टोचलं आणि धक्क्यामागच्या निगराणीच्या दवाखान्यात ठेवलं. चौदा दिवस! लोखंडी जाळीच्या पलीकडे कुसुम उभी. पोट एवढं मोठं, डोळे एवढे खोल. मी इतक्या लांब आले, आणि लेकीच्या पाठीवर हात फिरवायला माझ्याच कुंकवानं अडवलं. ती रडली नाही, म्हणून मीही रडले नाही. ती रोज यायची, जाळीला हात लावून बसायची. मी आतून कहाण्या सांगायची.

पाचव्या दिवशी कहाणी अर्ध्यावर आली, आणि कुसुमनं जाळी घट्ट धरली. "आई, माझं पोट..."

मी नर्सला हाक मारली. "बाई, मले बाहेर सोड! माही लेक आहे वो ती!"

नर्स धावत साहेबांकडे गेली, धावत परत आली. "बाहेर सोडता येत नाही. नियम आहे." आणि हातातली किल्ली फिरवून तिनं फाटक उघडलं. "पण हिनं आत येऊ नये, असं साहेबांना नियमात कुठं सापडलं नाही."

दोन तासांनी त्या दवाखान्यात, माझ्याच खाटेवर, माझी नात रडली. असं खणखणीत रडली, की बंदरातल्या बोटीचा भोंगा वाटावा!

माझे चौदा दिवस भरल्यावर आम्ही निघालो. फाटकाशी साहेब वही घेऊन बसले होते. वहीत आत गेलेल्या दोन बाया. बाहेर निघालो तिघी. साहेबांनी दोनदा मोजलं. मग कुसुमच्या हातातल्या दुपट्याकडे बोट दाखवून नर्सला काही विचारलं.

"साहेब विचारतात, हिचं टोचल्याचं सर्टिफिकेट?"

मी दुपट्याचं टोक सारलं. साहेब वाकले. बाळाच्या कपाळावर, आंघोळीनंतर मी लावलेलं, तेलात कालवलेलं, ठसठशीत कुंकू.

साहेबांनी चष्मा पुसला, वहीत काहीतरी लिहिलं आणि नर्सशी हळूच बोलले.

नर्स म्हणाली, "साहेब म्हणतात, जा. शिक्का मारलेला आहे."