पाक्यमम्माच्या मुठीचे तांदूळ

एस्तर पाक्यम या बाईने तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तेरा वर्षं येशूची वार्ता सांगितली आणि एवढ्या काळात गल्लीतलं एकही माणूस ख्रिस्ती झालं नाही. याचं तिला वाईट वाटत असेल, असं मला लहानपणी वाटायचं. एकदा विचारलंही. टपालवाल्याने पत्र टाकावं, उत्तर आलं की नाही ते विचारत दारात उभं राहू नये, असं ती म्हणाली आणि माझ्या क्रोशाचा चुकलेला टाका उसवायला लागली.

ती मूळची पापनाशमची; आम्ही सगळे तिला पाक्यमम्मा म्हणायचो. विसाव्या वर्षी विधवा झाली. पुढे चर्चमधल्या बायकांच्या संघाने तिला घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवायचं काम दिलं, आणि त्रेपन्न साली आमची मराठी गल्ली तिच्या वाट्याला आली. दर बुधवारी दुपारी तीनला पांढरी साडी, काळी छत्री आणि कापडी पिशवी घेऊन ती ओसरीवर येऊन बसे. एक गाणं म्हणे, एक गोष्ट वाचे आणि उरलेला वेळ विणकाम शिकवी. बायका गाणं सोसत, गोष्ट ऐकत आणि विणकाम शिकत. ओसरीच्या आत तिला कुणी बोलावलं नाही. तिनेही पाण्याखेरीज कुणाच्या घरचं काही तोंडात घातलं नाही. आपली काळजी देव घेतो, माणसांवर तो भार कशाला, असं तिचं म्हणणं. या एका गोष्टीचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

तिच्या संघाचा एक रिवाज होता. प्रत्येक बाईने स्वयंपाकाचे तांदूळ काढताना पहिली एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची. ती मूठ देवाची. तिने हा रिवाज आमच्या बायकांनाही सांगितला, आणि धर्माच्या बाबतीत एक पाऊल न हललेल्या त्या बायका याला मात्र लगेच तयार झाल्या. कोरड्या शिध्याला विटाळ नसतो. दर बुधवारी पाक्यमम्मा गाडगी आपल्या पिशवीत रिकामी करून घ्यायची.

आमच्या लोकांनी याचा काय अर्थ लावला असेल, हे तंजावूरकराला सांगायला नको. आमच्याकडे भजनं गाणारे भागवतर उंछवृत्तीला निघतात. देवाचं नाव गात गल्लीतून जातात, बायका त्यांच्या पात्रात तांदूळ घालतात आणि तेवढंच शिजवून ते जेवतात. बाई गात येते, पिशवी पुढे करते, तांदूळ घेऊन जाते, म्हणजे ख्रिस्ती लोकांतली ही उंछवृत्तीच, असं माझ्या आईने ठरवलं. आईचं नाव भुवनेश्वरी. तिने एकदा ठरवलेलं बदलायला माझे वडील शेषगिरी कधी धजले नाहीत. त्यामुळे तेरा वर्षं आई समजत होती की पाक्यमम्मा आपल्या तांदळावर जेवते, आणि दोघींपैकी कुणीही हा विषय काढला नाही.

सहासष्ट साली तांदळाची टंचाई आली. चहूबाजूंनी भाताची शेतं, आणि आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहून गहू आणत होतो. आईला चपाती लाटता येत नव्हती आणि ती शिकायचीही नव्हती. तरी गाडग्यातली मूठ चुकली नाही. मूठ जरा लहान झाली, हे मी पाहिलं होतं.

त्याच सुमाराला पाक्यमम्मा दोन बुधवार आली नाही. दिलेला शिधा घरात अडकला म्हणून आई अस्वस्थ झाली. गुरुवारी दुपारी तिने गाडगं पदराखाली घेतलं, मला बरोबर घेतलं आणि शिवगंगा तळ्यापलीकडे चर्चच्या आवारात पाक्यमम्माची खोली शोधून काढली.

पाक्यमम्मा काथ्याच्या खाटेवर पडली होती. पायऱ्यांवरून घसरून तिचा घोटा मोडला होता. पायाला पट्ट्या, चेहरा एवढासा. आम्हाला पाहून ती आधी घाबरली आणि मग आम्हाला बसायला सांगून खाली चटई पसरायला स्वतःच उठायला लागली. आईने तिला गप्प पडायला सांगितलं. आईची नजर चुलीकडे होती. चूल थंड होती, आणि चुलीजवळ धुतलेलं पातेलं इतकं कोरडं होतं की त्यात कोळ्याने जाळं धरलं होतं.

जेवलात कधी, असं आईने विचारलं. देव बघतो आहे, असं पाक्यमम्मा म्हणाली. आईने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. संघाच्या बायका पहिला आठवडाभर डबा आणत होत्या. त्यांच्याही घरी टंचाईच. म्हणून हिने पापनाशमहून बहीण येणार आहे असं सांगून त्यांना थांबवलं. बहीण नव्हतीच. रेशनच्या रांगेत उभं राहता येत नव्हतं. गेले तीन दिवस ती पाण्यावर होती.

आई उठली आणि फळीवरचे डबे उघडायला लागली. तिसरा डबा काठोकाठ तांदळाने भरलेला निघाला.

"हे काय आहे?" आईने विचारलं.

"मुठीचे तांदूळ, अम्मा. महिनाअखेरीला निराधार म्हाताऱ्यांच्या घरी पोचवायचे. माझे नाहीत."

आईला हे कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "तेरा वर्षं मी तुमच्या पोटासाठी तांदूळ देते आहे. ते गेले कुठे?"

आता कळायला वेळ लागायची पाळी पाक्यमम्माची होती. कळलं तेव्हा तिचा चेहरा पाहवेना. ती भिंतीकडे वळली. आपल्याला गल्ली तेरा वर्षं मागून खाणारी समजत होती, हे तिला तीन दिवसांच्या उपासापेक्षा जड गेलं. मला तिची फार दया आली आणि आईचा राग आला, पण मध्ये बोलायची माझी हिंमत नव्हती.

"मी कधी भीक मागितली नाही," ती भिंतीलाच म्हणाली.

"भीक कोण म्हणतं?" आई म्हणाली. "उंछवृत्तीवाल्याच्या आम्ही पाया पडतो."

आई पाक्यमम्माच्या पाया कधीच पडली नव्हती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. आईने भरलेला डबा झाकून जागेवर ठेवला, आपलं गाडगं पुढे ओढलं आणि म्हणाली, "ते म्हाताऱ्यांचे. हे मी तुमच्यासाठी आणलेत. मी देताना जे नाव घेतलं ते घेतलं, आता बदलणार नाही."

बाहेर चर्चच्या झाडावर कावळे भांडत होते. मग पाक्यमम्मा पुन्हा आमच्याकडे वळली. "संघात आम्ही एकटीला वाढून बघत बसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याबरोबर जेवणार असाल तर मी जेवेन."

आमच्या गल्लीतली कुठलीही बाई परक्या घरी, परक्या भांड्यात जेवत नसे. आई तर लग्नाच्या पंगतीतही आचाऱ्याचं कुळ विचारून घेई. मी दाराकडे पाहिलं. आई आता उठेल, असंच मला वाटलं.

आई उठली आणि कोळ्याचं जाळं झटकून पातेलं घासायला लागली.

चूल पेटवली. गाडग्यात हात घालून पहिली मूठ काढली आणि हात तसाच धरून थांबली, कारण ती टाकायची कुठे हे तिला सुचेना. पाक्यमम्माने फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. आईने मूठ त्यात टाकली. मग गाडग्यातले उरलेले तांदूळ एका रिकाम्या डब्यात ओतले, त्यातल्या दोन मुठींची पातळ पेज केली, मीठ घातलं आणि दोन अल्युमिनियमच्या वाट्यांत ओतली. मला दिली नाही, मी घरी जेवले होते. पाक्यमम्माने डोळे मिटून प्रार्थना म्हटली. ती लांबलचक होती आणि आईची पेज निवत होती, पण आईने वाटी उचलली नाही. आमेन झाल्यावर दोघी जेवल्या. पाक्यमम्माच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पेज गरम आहे, असं ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा वडील दारातच होते. एवढा वेळ कुठे होतात, असं त्यांनी विचारलं.

"पाक्यमम्माकडे. जेवून आले," आई म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग ते बाजूला झाले, आईला आधी आंघोळीसाठी न्हाणीघराकडे जाता यावं म्हणून. आई त्यांच्यासमोरून सरळ चुलीपाशी गेली, रात्रीचे तांदूळ काढले आणि पहिली मूठ रिकाम्या गाडग्यात टाकली.