नल्लकुंट्यातला लव्हाळा आणि चोरून घातलेलं पाणी

लोक हैदराबादला चारमिनार बघायला जातात, बिर्याणी खायला जातात. मी गेलो लव्हाळा बघायला. जे गवत उपटता उपटता आमच्या घराण्याच्या कमरा वाकल्या, तेच माझ्या बहिणीने नल्लकुंट्यात मुद्दाम लावलं होतं, आणि त्याच्या दर्शनाला मला गुढीपाडव्याचं आमंत्रण होतं.

त्याचं असं झालं. भाऊबीजेला अक्का देगलूरला आली आणि ओवाळणीत साडी नाकारून तिने बांधावरचा लव्हाळा मागितला, तोही पोतंभर. तिच्या अपार्टमेंटची बोअर आटली होती. प्यायला टँकर आणि दारातल्या विलायती हिरवळीलाही टँकर. हिरवळ काढू या म्हटलं की कमिटी हसायची. शेवटी पैज लागली. अक्काने एका वाफ्यात देशी गवत लावायचं, रुजलं की पाणी बंद. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, ते हिरवं दिसलं तर हिरवळ जाईल, नाहीतर अक्काने तोंड बंद ठेवायचं. हे दुसरं तिला कसं जमणार, याची मला खरी काळजी होती.

देगलूरहून पिटलम, संगारेड्डीमार्गे बस आहे. पाच-सहा तास धरा. रस्ता बरा आहे, सीट नाही. संगारेड्डीला मिरची भजी खा, पाणी घरचं न्या. कोठीजवळच्या स्टँडवर उतरलात की रिक्षावाला मीटर खराब असल्याचं सांगेल. आंध्र आणि तेलंगण अशी दोन राज्यं करायचं नुकतंच ठरलं होतं, आणि त्या धक्क्याने शहरातले सगळे मीटर एकदम बिघडले असावेत. घासाघीस केली तर शंभरात नल्लकुंटा येतं.

वाफ्यापाशी मी उकिडवाच बसलो. फाल्गुन संपताना आमचा लव्हाळा पिवळा पडतो, जमिनीखालच्या गाठी तेवढ्या जिवंत राहतात. हा तर लग्नघरातल्या पोरांसारखा टवटवीत. मी मातीत बोट खुपसलं. ओल होती.

"अक्का, पाणी घालतेस का गं?"

"एक थेंब नक्को! शपथ घे म्हणशील तर घेते."

पाडव्याच्या सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसलो आणि सगळा उलगडा झाला. आधी आले वरच्या मजल्यावरचे राव गारू, म्हणजे आपल्याकडचे रावसाहेब, सरकारी नोकर, गाव आंध्रात. इकडेतिकडे पाहून त्यांनी वाफ्यात तांब्या रिकामा केला. मागोमाग समोरचे रेड्डी साब मग घेऊन आले, हे पक्के तेलंगणवाले. राज्याच्या भांडणात दोघांचं बोलणं बंद झालेलं, पण गवताची दया करण्यावर एकमत. तिसरे आले आमचे भाऊजी, दाढीचा मग घेऊन.

मी गप्प बसलो असतो तर अक्का जिंकलीच असती. पण सांगितलं. ती पुरण वाटत होती. तिचे डोळे भरले. "म्हणजे इतके दिवस मी खोटंच मिरवत होते की रे."

संध्याकाळी कमिटीचे अध्यक्ष अभिनंदनाला उभे राहिले, तेवढ्यात अक्का उठली. "ह्याला पाणी मिळालंय. पैज मी हरले."

मग रेड्डी साबनी कान खाजवला. "एकीच मग डालता था, अम्मा. प्यासा दिख रा था."

राव गारूंची मान खाली. "मैं भी. एक लोटा."

रेड्डी साबनी कित्येक आठवड्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आप कित्ते बजे डालते?"

भाऊजी चपला शोधू लागले.

शेवटी नवी पैज ठरली. उन्हाळाभर वाफ्याला पाणी नाही आणि हिरवळीलाही नाही, जे तगेल ते राहील. ही अट राव गारूंनी सुचवली आणि रेड्डी साबनी उचलून धरली. टँकरवाला सोडून सगळे खूश झाले.

मी घरी परतलो. मे सरताना अक्काचा फोन आला. हिरवळीची वाळून चटई झाली होती. लव्हाळा पिवळा पडला होता, पण बुडाशी हिरवा. कमिटीने मान्य केलं, हिरवळ गेली. जन्मभर ज्याच्याशी भांडलो तो जिंकला म्हणून मी गावात पेढे वाटले. लोकांना कारण सांगितलं नाही.

पुढे राव गारूंचं ऑफिस आंध्रात गेलं. जाताना त्यांनी लव्हाळ्याचा एक ठोंब नेला. पिशवी रिक्षापर्यंत रेड्डी साबनी पोचवली.

परवा अक्काला विचारलं, "आता पाणी कोणी घालत नाही ना?"

"रेड्डी साब घालतात. रोज. आता दोन मग."

"आणि तू ओरडत नाहीस?"

"मी त्या वेळी घरात असते," अक्का म्हणाली.