दिसेल ते काम करणारे आमचे सुभेदार

गेल्या मंगळवारी आम्ही नवरा-बायको चिखलीहून एसटीने बुलढाण्याला गेलो... समुपदेशनाला! रिटायर झालेले फौजी आणि त्यांच्या बायका, यांच्यासाठी होतं ते. शेजारणीला मात्र मी सांगितलं, डोळे तपासायला चाललोय.

आमचे हे चोवीस वर्षं फौजेत होते, सुभेदार होऊन घरी आले. तोवर दोन पोरी, सासूबाईंचं आजारपण, घराचं बांधकाम... सगळं मी एकटीने निभावलं. हे सुट्टीवर यायचे, पाहुण्यासारखे. आता कायमचे आले आणि आठवड्यात घराची छावणी झाली.

साडेपाचला शिट्टी! मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे. घाईत तिखटाच्या जागी हळद पडली... दोन दिवस पिवळीधमक भाजी खाल्ली आम्ही.

मग ह्यांनी दाराला वही टांगली. बाहेर जाताना कुठे चाललो आणि परत कधी येणार, ते लिहायचं. एक दिवस मी लिहिलं, ‘अमडापूर, माहेरी. परत येण्याची वेळ : माहीत नाही.’ आणि खरंच गेले!

आठव्या दिवशी हे न्यायला आले. धाकट्या लेकीने तोवर समुपदेशनाला आमची नावं नोंदवून टाकली होती.

समुपदेशनाच्या मॅडम जेमतेम तिशीच्या. हे त्यांच्यासमोर असे ताठ बसले, जणू बढतीची मुलाखत आहे. घरात काय अडचण आहे, असं त्यांनी विचारलं.

"काही नाही मॅडम. सब ठीक आहे."

"मंग मी आठ दिवस माहेरी काऊन राह्यली?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. मॅडमनी हसू दाबलं.

मग ठरलं... दहा मिनिटं मी बोलायचं, ह्यांनी फक्त ऐकायचं. ह्यांनी लगेच घड्याळ लावलं! पण मी सुरू झाले ती थांबेचना. पोरींचे ताप, दहावीचे निकाल, सासूबाईंना भर पावसात ऑटोने दवाखान्यात नेलं तो दिवस... दहाची वीस मिनिटं झाली. ह्यांनी थांबवलं नाही. मान खाली घालून ऐकत राहिले.

मग ह्यांची पाळी आली. ह्यांनी घड्याळ बंद केलं.

"मॅडम, फौजेत नव्या जागी गेलं की पहिल्याच दिवशी सांगतात, तुझं काम हे. इथं घरी सगळ्यायले आपापलं काम माहीत हाये. मले कोणी सांगतलंच नाही... म्हणून दिसन ते करून राह्यलो."

मी इतकी वर्षं एकटी होते, हे मला पाठ होतं. पण हे आपल्याच घरात एकटे पडलेत... हे दिसलंच नव्हतं.

"मग ताई, तुम्हीच द्या काम," मॅडम म्हणाल्या.

मी सकाळच्या चहाचं काम दिलं. हे ताडकन उभे राहिले... मला वाटलं, आता सॅल्यूट ठोकतात!

दुसऱ्या दिवशी चहात अद्रक एवढं, की नाका-डोळ्यांतून पाणी. पण मी पूर्ण कप संपवला. लग्नानंतर पहिल्यांदाच मला कोणी आयता चहा आणून दिला होता हो...

"कसा झाला?"

"अद्रक कमी टाका."

"उद्या बी माहीच ड्युटी का?"

"हाव. आता तुमची बदली नाही होत."