बाबांना वाचून दाखवलेली दोन पुस्तकं

दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली तोवर बाबांचे दोन्ही डोळे गेले होते. बाबा जुने शाळामास्तर. बेचाळीसमध्ये तुरुंगात गेले, नोकरी घालवून बसले आणि त्याच साली त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, पोलिसांच्या गोळीनं गेला. मी विधवा होऊन हिंगणीला माहेरी परतले होते. दुपारी चूल आवरली की घरापुढच्या छपरीत बसून त्यांना वाचून दाखवायचं, हे माझं काम.

पहिल्या निवडणुकीत त्यांनी आपल्या जुन्या पक्षाला मत दिलं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. या वेळी मात्र गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदार, त्याच पक्षाची टोपी घालून फिरू लागला. बाबांना पकडायला आलेल्या पोलिसांना यानंच जेवू घातलं होतं. बाबांना ते सहन होईना. पुलगावच्या गिरणीत माझा मामेभाऊ होता, लाल झेंड्याचा. तुमच्या लोकांचं निवडणुकीचं पुस्तक घेऊन ये, असा बाबांनी त्याला निरोप धाडला. तो हरखून आला आणि पुस्तक ठेवून गेला.

कसणाऱ्याच्या नावावर जमीन अजून झाली नाही, कालचे जमीनदार आजचे पुढारी झाले, असं त्यात होतं. बाबा मान हलवत ऐकत. हे खरं आहे, म्हणत. त्यांच्या आवाजात मला थोडी उमेदही जाणवू लागली.

मग बेचाळीसचं प्रकरण आलं. तो लढा चुकीच्या वेळी छेडला, लोकांना नाहक मरणाच्या तोंडी दिलं, असं लिहिलं होतं. मी अडखळले.

"काऊन थांबली? वाच. त्यायचं म्हणणं पुरं ऐकू दे मले."

मी वाचलं. मग म्हणाले, "आता आपल्यायचं काढ. त्यात पोराबद्दल काय हाये, थे पाह्य."

काकाला ते पोरगाच म्हणत. जुन्या पक्षाचं निवडणुकीचं पुस्तक घरी येऊन पडलेलंच होतं. त्यात धरणं होती, कारखाने होते, शाळा होत्या. बेचाळीसवर एक परिच्छेद, त्यात पुढाऱ्यांची नावं, आणि शेवटी, असंख्य अनामिकांनीही त्याग केला, एवढंच. ते वाक्य बाबांनी पुन्हा वाचायला लावलं.

"अनामिक," ते म्हणाले. "नाव तं मीच ठेवलं होतं त्याचं."

मामेभाऊ पुस्तक न्यायला आला, तेव्हा मी त्याला बेचाळीसचं पान दाखवलं. ते पान छापायला नको होतं, असं तो म्हणाला. पण मत आम्हालाच द्या, असंही म्हणाला. मालगुजारानं मतदानाला बैलगाडी पाठवली. बाबांनी ती परत धाडली. माझा हात धरून ते शाळेपर्यंत चालत आले आणि व्हरांड्यात बसून राहिले. तू जाऊन ये, म्हणाले.

आत पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. चिठ्ठी घेऊन मी उभी राहिले. कोणत्याच पेटीकडे हात जाईना. बाहेरून कुणी आटपा म्हणालं, तेव्हा जवळच्या पेटीत चिठ्ठी टाकली. चिन्ह पाहिलं नाही.

"बाबा, तुमचं राह्यलं. आतले साहेब मदत करते."

"नाई. घरी चाल."

मालगुजाराचा उमेदवार निवडून आला. मिरवणुकीचे ढोल आमच्या दारावरून गेले, तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुढे मी वर्तमानपत्र हातात घेतलं तरी राहू दे म्हणत. काही दिवस मी विचारत राहिले, मग तेही सोडलं. दुपारी छपरीत आम्ही दोघं नुसतीच बसून असायचो.